लघवीची गोळी आणि गाऊट: लघवी वाढते, मग युरिक अ‍ॅसिड का साचतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, बरीच वर्षं बीपीची गोळी घेतात आणि त्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे. मागच्या आठवड्यात मध्यरात्री त्यांच्या पायाचा अंगठा एकाएकी सुजला, लालभडक झाला, चादर लागली तरी कळ जात होती. युरिक अ‍ॅसिड ८.९ आलं, गाऊटचं म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे स्फटिक सांध्यात बसून होणाऱ्या सांधेदुखीचं निदान झालं. ओळखीच्या कुणीतरी सांगितलं की हे सगळं लघवीच्या गोळीमुळे, ती आधी बंद करा. तुम्हाला शंका आली की लघवी वाढली तर युरिक अ‍ॅसिडही जास्त निघून जायला हवं, ते उलट वाढतं कसं? शिवाय आईही अशीच गोळी घेतात, त्यांचं युरिक अ‍ॅसिड ७.४ आहे पण दुखत काहीच नाही. त्यांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे.

मी फिजिशियन आहे. बीपी, हृदय आणि किडनीचे पेशंट रोज बघते आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गाऊटही असतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. आधी एकच सांगते: डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी बंद करू नका. ती बदलता येईल की नाही हे ती मुळात कशासाठी दिली आहे त्यावर ठरतं. फक्त बीपीसाठी असेल तर बदलायला बऱ्यापैकी वाव आहे. हृदयाच्या कमजोरीसाठी असेल तर जवळजवळ नाही. त्याकडे येतेच, पण आधी तुमची शंका सोडवू. ती अगदी रास्त आहे आणि तिचं उत्तर कळलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी समजायला सोप्या जातात.

आपल्या किडन्या दिवसभरात रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्के पाणी परत रक्तात जातं. कपाट आवरताना सगळं बाहेर काढायचं आणि हवं तेवढंच परत आत ठेवायचं, तसा हा प्रकार आहे. हे काम लाखो बारीक नळ्यांमध्ये चालतं. गाळलेलं पाणी नळीतून पुढे सरकतं आणि वाटेत टप्प्याटप्प्याने मीठ, साखर, पाणी परत उचललं जातं. मिठापुरतं बोलायचं तर नळीच्या पहिल्याच भागात जवळपास दोन-तृतीयांश मीठ परत घेतलं जातं. मग नळी खाली जाऊन वळसा घेऊन वर येते, तिथे साधारण पाव हिस्सा. त्याच्या पुढच्या भागात पाच-सात टक्के, आणि उरलंसुरलं अगदी शेवटी.

लघवी वाढवणारी बहुतेक औषधं यातल्या एखाद्या टप्प्यावर मीठ परत घेणं अडवतात. मीठ नळीत राहिलं की पाणीही त्याच्याबरोबर राहतं आणि लघवीवाटे जातं. फ्युरोसेमाइड आणि टोरसेमाइड वळशाच्या भागात काम करतात. तिथे मोठा हिस्सा हाताशी असल्यामुळे ही औषधं जोरदार असतात. फ्युरोसेमाइडची गोळी घेतली की तासाभरात लघवीला जावं लागतं आणि साधारण सहा तासांत जोर ओसरतो. बीपीच्या गोळ्यांमध्ये घातलेलं हायड्रोक्लोरोथायझाइड, तसंच क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही थायझाइड गटातली औषधं त्याच्या पुढच्या पाच-सात टक्क्यांवर काम करतात. त्यांचा असर सौम्य, पण जास्त वेळ टिकणारा. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन शेवटच्या भागात काम करतात आणि पोटॅशियम वाचवतात.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पेशंट हमखास म्हणतात, "मला तर लघवी जास्त होत नाही, मग ही लघवीची गोळी कसली?" बीपीच्या डोसमध्ये लघवी वाढल्याचं पहिले काही दिवसच जाणवतं. मग शरीर नवा समतोल साधतं आणि लघवी जवळपास पूर्वीइतकीच होते. तरीही बीपी कमी राहतं, कारण काही आठवड्यांत रक्तवाहिन्यांमधला विरोधही कमी होतो. म्हणून लघवी वाढलेली दिसत नाही यावरून गोळीत हे औषध नाही असं समजू नका. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. एका गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि लघवीचं औषध बहुतेक वेळा यादीत शेवटी लिहिलेलं असतं. मी पेशंटना औषधांची नावं सांगायला लावत नाही, सगळ्या गोळ्या पाकिटांसकट टेबलावर ठेवायला सांगते. बऱ्याचदा तिथेच उलगडा होतो.

आता युरिक अ‍ॅसिड. पेशींमधल्या प्युरीन नावाच्या घटकांची मोडतोड झाली की ते तयार होतं. त्यातलं साधारण दोन-तृतीयांश आपल्याच पेशींमधून येतं, आहारातून येतं ते उरलेलं. बाहेर टाकण्याचं कामही असंच वाटलेलं आहे: सुमारे दोन-तृतीयांश किडनीवाटे, बाकी आतड्यावाटे. बहुतेक सस्तन प्राण्यांमध्ये युरिक अ‍ॅसिड आणखी फोडणारं एक एन्झाइम असतं, माणसात ते नाही. त्यामुळे आपल्या रक्तातली पातळी मुळातच काठावर असते. १०० मिलिलिटर रक्तात ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेली की युरिक अ‍ॅसिड पूर्ण विरघळून राहत नाही आणि त्याचे स्फटिक सांध्यात बसू शकतात. पायाचा अंगठा पहिल्यांदा सापडतो याचं एक कारण म्हणजे तो भाग शरीराच्या मानाने थंड असतो, आणि थंडाव्यात स्फटिक लवकर तयार होतात.

किडनी युरिक अ‍ॅसिडही आधी गाळते आणि मग त्यातलं सुमारे ९० टक्के परत घेते. हे परत घेणं होतं नळीच्या पहिल्या भागात, आणि तुमच्या शंकेचं उत्तर इथेच आहे. युरिक अ‍ॅसिडचा निकाल पहिल्या भागातच लागलेला असतो. गोळी काम करते त्याच्या पुढे. पुढच्या भागात तिने कितीही पाणी सोडलं तरी मागे जे युरिक अ‍ॅसिड रक्तात परत गेलं, त्याला ते पाणी गाठू शकत नाही. लघवी वाढते, पण ती मिठाची आणि पाण्याची.

पण मग युरिक अ‍ॅसिड जेवढ्यास तेवढं राहायला हवं होतं. ते वाढतं, कारण शरीर गप्प बसत नाही. मीठ-पाणी कमी झालं की रक्ताचं आकारमान थोडं घटतं. शरीराला ते धोक्याचं वाटतं आणि मीठ वाचवणारी हार्मोन्स कामाला लागतात. त्यांच्या हुकुमावरून नळीचा पहिला भाग पूर्वीपेक्षा जास्त जोमाने मीठ परत ओढायला लागतो आणि त्या ओढीत युरिक अ‍ॅसिडही जास्त परत येतं. हे मुख्य कारण आहे, असं म्हणायला चांगला आधार आहे: गोळीमुळे गेलेलं मीठ-पाणी सलाइनने भरून काढलं तर युरिक अ‍ॅसिड वाढत नाही. (यावरून मीठ जास्त खावं असा अर्थ काढू नका. मीठ वाढलं की बीपी आणि सूज वाढते, मग गोळीचा डोस वाढवावा लागतो आणि आपण होतो तिथेच येतो.)

दुसरं कारण खुद्द औषधात आहे. ही औषधं रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली असतात, त्यामुळे गाळून नळीत फारशी उतरत नाहीत. नळीच्या भिंतीतले काही वाहक (पदार्थ इकडून तिकडे नेणारी प्रथिनं) त्यांना उचलून आत सोडतात. किडनी थोडंफार युरिक अ‍ॅसिड मुद्दाम बाहेर टाकते तेही अशाच वाहकांमार्फत. औषधाने जागा अडवली की युरिक अ‍ॅसिड मागे राहतं.

ही वाढ डोसवर अवलंबून असते. थायझाइडच्या अगदी लहान डोसला ती थोडी असते, मोठ्या डोसला जास्त. गोळी सुरू केल्यावर काही दिवसांतच युरिक अ‍ॅसिड चढतं आणि गोळी चालू आहे तोवर चढलेलं राहतं. स्पायरोनोलॅक्टोनचा यावर विशेष परिणाम दिसत नाही.

मग वडिलांच्या गाऊटला गोळीच जबाबदार का? पूर्णपणे तसं म्हणता येणार नाही. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्या बहुतेकांना गाऊट होत नाही. ज्यांना होतो त्यांच्यात आधीच काहीतरी असतं: घराण्यात गाऊट, वजन, मंदावलेली किडनी, दारू, साखरेची पेयं. आणखी एक गुंता असा की ज्या आजारांसाठी ही गोळी देतात, म्हणजे उच्च रक्तदाब, हार्ट फेल्युअर (हृदयाची कमजोरी), किडनीचा आजार, ते स्वतःच युरिक अ‍ॅसिड वाढवतात. हृदयासाठी घेतलेली कमी डोसची अ‍ॅस्पिरिनही थोडं वाढवते. म्हणून मी पेशंटला सांगते की काठावर असलेल्या पातळीला गोळीने वर ढकललं. अशा वेळी जुलाब-उलट्या झाल्या, ऑपरेशन झालं किंवा हॉस्पिटलमध्ये लघवीची इंजेक्शनं द्यावी लागली, तर पुढच्या काही दिवसांत गाऊटचा अटॅक येताना मी बरेचदा बघते.

गोळीशी जोडलेला गाऊट नेहमी अंगठ्यातच येईल असंही नाही. वयस्क बायकांमध्ये त्याचं रूप वेगळं असतं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेनमुळे युरिक अ‍ॅसिड चांगलं बाहेर जातं, नंतर ते संरक्षण जातं, आणि त्यात लघवीची गोळी सुरू होते. टोरसेमाइड घेणाऱ्या एक आजी माझ्याकडे यायच्या. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर गाठी होत्या, वयाची झीज म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेल्या. एका गाठीवरची कातडी ताणून पातळ झाली होती आणि खाली मोहरीएवढा पांढरा ठिपका दिसत होता. सुईच्या टोकावर आलेला कण मायक्रोस्कोपखाली पाहिला तर टोकदार, लांबट स्फटिकच स्फटिक. झिजलेल्या सांध्यातच गाऊट येऊन बसला होता.

आता मुख्य निर्णय. गोळी फक्त बीपीसाठी असेल, तर मी आधी बदलून पाहते. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सुचवतात: गाऊट असेल आणि शक्य असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइडऐवजी दुसरं औषध, आणि जमत असेल तिथे लोसार्टन. लोसार्टन युरिक अ‍ॅसिड परत घेणाऱ्या वाहकाला थोडं अडवतं, म्हणून बीपीबरोबर युरिक अ‍ॅसिडही काहीसं उतरतं. त्याच गटातल्या इतर गोळ्यांमध्ये हा गुण तसा नाही. अ‍ॅमलोडिपिनही चालतं. पण अपेक्षा माफक ठेवा. लोसार्टनने ८.९ चं ५.९ होणार नाही.

आणि बदल करायलाच हवा असंही नाही. थायझाइड गटातली औषधं जुनी आणि स्वस्त असली तरी कमअस्सल नाहीत. २००२ मध्ये निकाल लागलेल्या ऑलहॅट या मोठ्या चाचणीत क्लोरथॅलिडोन हृदयविकार टाळण्यात नव्या गोळ्यांपेक्षा कुठेही कमी पडलं नाही, हार्ट फेल्युअर रोखण्यात तर सरसच ठरलं. ज्यांचं बीपी तीन-तीन औषधांनंतर कसंबसं आटोक्यात आलं आहे, त्यांची गोळी गाऊटसाठी काढून बीपी परत १७० वर नेणं मला पटत नाही. अंगठा कितीही दुखला तरी त्याने जीव जात नाही, पक्षाघाताने जातो. तिथे मी गोळी ठेवते आणि युरिक अ‍ॅसिडवर वेगळं औषध देते. काहींना थायझाइड मुतखडा पुन्हा होऊ नये म्हणून दिलेलं असतं, त्यांचाही विचार वेगळा.

गोळी हार्ट फेल्युअर, लिव्हरचा आजार किंवा किडनीमुळे आलेल्या सुजेसाठी असेल, तर ती थांबवणं धोक्याचं आहे. नडगीवर बोटाने दाबलं तर खड्डा पडतो, तसंच पाणी फुप्फुसातही साचू शकतं. गोळी चुकली आणि दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, तर ते पाणीच असतं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं असतं. अशा पेशंटमध्ये मी बघते की मीठ कमी करून डोस थोडा उतरवता येतो का. हार्ट फेल्युअरमध्ये हल्ली डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन देतात. ती हृदयासाठी दिली जातात, पण युरिक अ‍ॅसिडही उतरवतात आणि कधीकधी त्यांच्यामुळे लघवीच्या गोळीचा डोस कमी करता येतो.

या सगळ्यापेक्षा जास्त काळजी मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. अंगठा ठणकत असताना माणूस घरात असेल ती दुखण्याची गोळी घेतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, इंडोमेथासिन यांनी गाऊटचं दुखणं खरोखर थांबतं. पण वडील लघवीचं औषध घेतात आणि बीपीच्या गोळीत बहुधा टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिलसारखं औषधही असेल. लघवीच्या गोळीने रक्ताचं आकारमान कमी झालेलं असतं, दुसऱ्या औषधाने किडनीच्या गाळणीतला दाब उतरलेला असतो, आणि पेनकिलर किडनीकडे येणारा रक्तप्रवाह आवळतो. तिन्ही एकत्र आली की चार-पाच दिवसांत क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा घटक) दुप्पट झालेले पेशंट मी पाहिले आहेत. जुलाब किंवा उलट्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. हार्ट फेल्युअरमध्ये तर ही पेनकिलर स्वतःच मीठ-पाणी साचवतात आणि लघवीच्या गोळीचा असर मारतात. त्यामुळे वडिलांसाठी गाऊटची सूज उतरवणारं कोल्चिसिन कमी डोसमध्ये किंवा थोड्या दिवसांचं स्टेरॉइड जास्त योग्य ठरू शकतं. त्यांनाही अटी आहेत: किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर कोल्चिसिन अंगात साचून विषारी ठरू शकतं, आणि स्टेरॉइडने साखर आणि बीपी वाढतं. म्हणून निवड डॉक्टरांनी करायची, पण त्यांना बाकीच्या गोळ्या ठाऊक असणं ही तुमची जबाबदारी.

ताप असेल किंवा सांधा सुजून थंडी वाजत असेल, तर तो गाऊटच आहे असं गृहीत धरू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर तासांचा प्रश्न असतो. सांध्यातलं पाणी काढून तपासावं लागतं.

युरिक अ‍ॅसिड कायमचं उतरवणारं औषध वडिलांना आत्ताच लागेल का? पहिलाच अटॅक असेल तर प्रत्येकाला ते लागत नाही. किडनी बऱ्यापैकी मंदावलेली असेल, मुतखड्याचा त्रास असेल किंवा युरिक अ‍ॅसिड ९ च्या वर असेल, तर पहिल्या अटॅकनंतरही सुरू करण्याकडे कल असतो. वडील ८.९ वर, म्हणजे सीमेवरच आहेत, म्हणून क्रिएटिनिन बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. गोळी बीपीचीच निघाली आणि किडनी ठीक असली, तर मी आधी गोळी बदलेन, काही आठवड्यांनी युरिक अ‍ॅसिड परत बघेन आणि मग ठरवेन. कधीकधी तेवढ्यावर भागतं आणि एक औषध वाढण्याऐवजी एक कमी होतं. हेही लक्षात असू द्या की ऐन अटॅकमध्ये युरिक अ‍ॅसिड खोटं कमी येऊ शकतं, त्यामुळे खरी पातळी दुखणं शमल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासलेली. सोबत क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियमही करून घ्या.

युरिक अ‍ॅसिड उतरवणारं अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू करायचं ठरलंच तर लघवीची गोळी चालू असतानाही ते काम करतं. सुरुवात १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, किडनी कमजोर असेल तर ५०, आणि मग हळूहळू वाढवत युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली आणायचं. पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक विरघळताना अटॅक येऊ शकतात, म्हणून तीन ते सहा महिने सोबत कमी डोसचं कोल्चिसिन दिलं जातं. "गोळी घेऊनही दुखलं" म्हणून इथेच बरेच जण औषध सोडतात, तसं करू नका. मात्र अंगावर पुरळ उठलं तर अ‍ॅलोप्युरिनॉल त्याच क्षणी बंद करून डॉक्टर गाठा. ही अ‍ॅलर्जी क्वचित होते, पण झाली तर जिवावर बेतू शकते. किडनीचा आजार आणि थायझाइड सोबत असतील तर मी याबाबत जास्त सावध असते.

भरपूर पाणी प्या हा सल्लाही सरसकट घेऊ नका. हार्ट फेल्युअरवाल्याला चार लिटर पाणी पाजलं तर ते पायात आणि फुप्फुसात साचेल. थायझाइड घेणाऱ्या वयस्कांमध्ये जास्त पाण्याने सोडियम घसरून भ्रम होऊ शकतो. वडिलांचं हृदय ठणठणीत असेल तर तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं पाणी पुरे.

राहिल्या तुमच्या आई. त्यांचं युरिक अ‍ॅसिड ७.४ आहे, पण कधी सांधा सुजला नाही, मुतखडा नाही, गाठी नाहीत. अशा नुसत्या वाढलेल्या आकड्यासाठी मी औषध देत नाही. असा आकडा असलेल्या बहुतेकांना गाऊट होतच नाही, आणि अ‍ॅलोप्युरिनॉलचा धोका लहान असला तरी तो विनाकारण का घ्यायचा? बीपी व्यवस्थित असेल तर त्यांची गोळी आहे तशी चालू राहू द्या, वर्षातून एकदा क्रिएटिनिन, सोडियम आणि पोटॅशियम तपासा. उद्या एखादा सांधा रात्रीतून लाल होऊन सुजला, तर दाखवायला जाताना त्यांच्याही सगळ्या गोळ्या पाकिटांसकट घेऊन जा.